"स्लीपमध्ये कार्ड काढलंत ना?" या उत्तराला भुलू नका

लॅपटॉपच्या खाचेत बसणारं ५१२ जीबीचं मेमरी कार्ड, निम्म्याहून कमी भावात. फोटो कॉपी केले, उघडून पाहिले, सगळं ठीक. रात्री झाकण मिटलं, लॅपटॉप स्लीपमध्ये गेला. सकाळी फाइलींची नावं जागेवर, पण फोटो उघडेनात. दुकानात गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "स्लीपमध्ये असताना कार्ड काढलं असणार, वॉरंटी नाही." गिऱ्हाईक गप्प बसतं, कारण कधीतरी काढलेलं असतंच.

कार्डच बनावट असतं. लबाडी आहे कार्डाच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या भागात. साठवणीची चिप असते ३२ जीबीची, कंट्रोलर सांगतो ५१२. बत्तीसच्या पुढचं लिखाण हवेत जातं, नाहीतर जुन्या डेटावर चढतं. नावांची नोंद बहुधा सुरुवातीच्या भागात असते, म्हणून ती शाबूत. कॉपी केल्याकेल्या उघडलेला फोटो बहुधा कार्डावरून नव्हे, रॅममधून, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीतून दिसतो. लॅपटॉप जागा होताना कार्ड अनेकदा नव्याने जोडलं जातं, रॅममधली प्रत गेलेली असते आणि खरं कार्ड तेव्हा पहिल्यांदा वाचलं जातं. दोष स्लीपवर ढकलायला आयतंच निमित्त!

इजेक्ट न करता कार्ड काढणं वाईटच. त्यातही स्लीपमध्ये काढून, कॅमेऱ्यात वापरून, जागं करण्याआधी परत घातलं तर सिस्टीम ते जुनंच समजून जुन्या नोंदी त्यावर लिहिते आणि फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, बिघडते. पण हा बिघाड फॉरमॅट केल्यावर उरत नाही. बनावट कार्ड मात्र फॉरमॅटनंतरही दर वेळी त्याच आकड्याला अडतं.

तपासायचं तर जे फोटो अजून उघडतायत ते आधी दुसरीकडे काढा. फॉरमॅट करून कार्ड काठोकाठ भरा: त्यासाठी लिहून-वाचून तपासणारे प्रोग्राम आहेत, विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw), लिनक्सवर एफ-थ्री-राइट (f3write) आणि मग एफ-थ्री-रीड (f3read). लिनक्सवर या दोन्हींच्या मध्ये कार्ड इजेक्ट करून पुन्हा घाला. सेकंदाला २० एमबी वेग धरला तर ५१२ जीबी लिहायलाच सात तास लागतात, तेवढा वेळ स्लीप बंद ठेवा. विंडोजवर ५१२ ऐवजी ४७६ दिसले तर घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

निकालाचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा. दुकानदार अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तो "बदलून देतो" म्हणेल, पण बदली कार्डही बहुधा त्याच मालातलं असतं. पैसेच परत मागा.