एनव्हीडीए आणि ई-स्पीकचा मराठी आवाज : तीन वर्षांच्या वापरानंतर

काचबिंदूने दृष्टी गेल्यानंतर काही वर्षे मी इतरांच्या सवडीने वाचत होते. भाची कॉलेजातून वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातील आमच्या घरी आली की मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रिते वाचून दाखवत असे, पण एखादे वाक्य तिसऱ्यांदा वाचायला सांगताना माझा जीव संकोचत असे. एनव्हीडीए या स्क्रीनवाचकाने, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीने, मला सर्वप्रथम दिले ते हेच, हवे ते वाक्य हव्या तितक्या वेळा, कोणालाही न विचारता ऐकण्याचे स्वातंत्र्य.

विंडोजवर चालणारी ही प्रणाली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतली आणि ती आजही विनामूल्य मिळते. तिच्यासोबत येणारा ई-स्पीक हा वाणी-संश्लेषक, म्हणजे मजकुराचे बोलण्यात रूपांतर करणारा भाग, माणसाच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडत नाही, तर ध्वनी गणिताने घडवतो. त्यामुळे शंभराहून अधिक भाषा असूनही तो फार कमी जागा व्यापतो.

हा आवाज कोरडा आहे आणि पहिला आठवडाभर तो मला अक्षरशः सोसवत नव्हता. मात्र वेग वाढवला की त्याचे खरे मोल कळते, कारण मिनिटाला ८० ते ४५० शब्दांच्या त्याच्या पट्ट्यात बरेच पुढे गेल्यावरही व्यंजने एकमेकांत मिसळत नाहीत, आणि लांबलचक अहवालातला नेमका परिच्छेद मला आता लवकर सापडतो. कवितेसाठी मात्र मी तो वापरत नाही. तिथे माणसाचाच आवाज हवा.

मराठीच्या काही अडचणी लिपीतच आहेत. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाची 'जरा' आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो सारखेच, त्यामुळे यंत्राला भेद कळण्याचा मार्ग नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वेगात कानाला लागत नाहीत, म्हणून मुद्रिते तपासताना मी शंकास्पद शब्दावर थांबून बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकते. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतप्रणालीच्या आधीच्या फाँटमधला जुना मजकूर मात्र निरर्थक चिन्हांसारखा ऐकू येतो, आणि छायाचित्राच्या रूपातली पीडीएफ आधी ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून, काढावीच लागते. एका कार्यालयाने माझ्या अर्जाचे उत्तर अशाच स्वरूपात पाठवले होते. ते वाचण्यासाठी मला पुन्हा भाचीची वाट पाहावी लागली, याचे आजही वाईट वाटते.

वडोदऱ्यात राहणाऱ्याला एका भाषेवर भागत नाही. कंट्रोल आणि इन्सर्ट दाबून डाव्या-उजव्या बाणांनी 'आवाज' हा पर्याय निवडायचा आणि वर-खालच्या बाणांनी मराठीवरून गुजरातीवर जायचे, हे आता माझ्या बोटांत बसले आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी वेग कमीच ठेवावा, दर आठवड्याला थोडा वाढवावा आणि चांगला इअरफोन घ्यावा. पेन ड्राइव्हवर चालणारी प्रत जरूर बनवून घ्यावी. नातेवाइकांकडे गेल्यावर त्यांच्या संगणकात काहीही न बसवता मी तीच वापरते.