देवदाराच्या पोटातले रोपटे

टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्ये जुझेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराचे ‘चेद्रो दी व्हेर्साय’ (2000–2003) हे काष्ठशिल्प पाहिले आणि तिकिटाचे पैसे त्या एकाच शिल्पाने वसूल झाले. डिसेंबर 1999च्या वादळात फ्रान्समधील व्हर्सायच्या उद्यानातील सुमारे 10,000 झाडे उन्मळून पडली होती. त्यांतल्याच एका सीडरचे, म्हणजे आपल्या देवदाराच्या भाऊबंदाचे, खोड पेनोनेने यासाठी घेतले.

लांबून पाहिले तर एक भलामोठा ओंडका उभा करून ठेवल्यासारखा दिसतो. जवळ गेल्यावर मात्र त्याला एक उंच खिडकी पाडलेली आढळते आणि त्या पोकळीत, फांद्यांच्या खुंटांसह, एक सडपातळ झाड उभे असते. ते बाहेरून आणून बसवलेले नाही. हाच देवदार कोवळ्या वयात जसा होता, तसा तो आत सापडला आहे. झाड दरवर्षी स्वतःभोवती लाकडाचे एक नवे वलय चढवते आणि जुने खोड आत तसेच राहते. पेनोने त्यांतले एक वलय निवडतो आणि त्याच्या बाहेरचे लाकूड धीराने काढत जातो. त्याला वाट दाखवतात त्या गाठी, कारण गाठ म्हणजे वाढत्या खोडाने वेढून घेतलेले फांदीचे मूळ. वखारीत सागाची फळी निवडताना गाठ दिसली की आपण ती मुकाट्याने बाजूला सारतो. इथे तीच गाठ जपून कोरलेली पाहताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

पेनोने हे काम 1969पासून करीत आला आहे. सुरुवातीला त्याने कारखान्यातून कापून आलेल्या तुळयांमधून झाडे सोडवली. मला ती अधिक कठोर आणि अधिक चकित करणारी वाटतात, कारण चौकोनी तुळईत झाड असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. व्हर्सायच्या देवदारात तो धक्का सौम्य आहे, पण माया जास्त आहे.

मांडणीविषयी एक तक्रार आहे. हे शिल्प जिथे उभे आहे ती, वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी रचलेली ‘गॅलेरिया इटालिया’ ही काच आणि डग्लस फरच्या लाकडी कमानींची सुमारे 450 फूट लांबीची दीर्घिका इतकी देखणी आहे की नजर आधी छताकडे जाते आणि शिल्प वाटेतल्या खांबासारखे मागे पडते. शिवाय त्या कमानी लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेल्या असल्याने त्यांत मूळ झाड शोधूनही सापडत नाही. देवदाराला एक पूर्ण फेरी घालावी, खिडकीपाशी थांबून निदान एक गाठ नीट न्याहाळावी आणि मगच मान वर करावी. मुलांनाही जरूर न्यावे.