गाडीत हॅम रेडिओ: हातातला सेट घ्यावा की डॅशबोर्डवर बसवावा?

जुलैमध्ये घोटी–त्र्यंबक रस्त्याला पहिनेच्या आसपास चार गाड्या एकामागोमाग निघाल्या, तरी धुक्यात चौथी गाडी कुठे राहिली याचा पत्ता लागत नाही. फोनला रेंज नसते. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "आपण रेडिओ बसवू या राव!" पुढे तीन पर्याय उरतात.

पहिला पर्याय बिनपरवान्याचा, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झवर चालणारे छोटे वॉकीटॉकी. घेताना सेटला ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण-मंजुरी, आहे ना आणि फ्रिक्वेन्सी नेमकी कोणती, एवढं विचाराच. नियमात न बसणारे सेट ऑनलाइन सर्रास विकले जात होते, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. या सेटची ताकद बेताचीच, पण गाडीतलं कुणीही उचलून बोलू शकतं. "पुढे खड्डा आहे, डावीकडून घे" एवढंच सांगायचं असेल तर हेच घ्या आणि पुढचं वाचायच्या भानगडीत पडू नका.

बाकीचे दोन पर्याय हॅम रेडिओचे, म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या हौशींच्या रेडिओचे: हातातला सेट किंवा गाडीत पक्का बसवलेला. त्यांचं गणित वेगळं आहे. इथे परवाना माणसाला मिळतो, गाडीला नाही. पाच जणांच्या ग्रुपमध्ये तुम्ही एकटेच परवानाधारक असाल, तर बाकीचे चौघे तुमच्याशी हॅमवर बोलू शकत नाहीत. पैसे घेऊन ट्रिपा नेणाऱ्यांनी धंद्यासाठी तो वापरायचा नाही. परीक्षा मात्र अवघड नाही. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, बस. मिळणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, व्हीयू३ ने सुरू होतो. जनरल ग्रेडला मोर्स द्यावं लागतं आणि कॉलसाइन व्हीयू२ चा मिळतो. चालत्या गाडीतून बोलण्याबद्दल परवान्यात काय अटी आहेत, त्या आधी वाचून घ्या.

आता खरी तुलना. हातातला सेट साधारण ५ वॅटचा, तर गाडीत पक्का बसवायचा २५ किंवा ५० वॅटचा. आकडे पाहून मनात येतं, दहापट ताकद म्हणजे दहापट लांब. तसं होत नाही. ५ चे ५० वॅट केले की समोरच्याच्या मीटरवर सिग्नल जेमतेम दीड-दोन घरं वर सरकतो. आपण ज्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवर बोलतो, त्या लहरी बऱ्याच अंशी नजरेच्या रेषेत जातात. मध्ये अंजनेरीचा डोंगर आडवा आला, तर ५० वॅटही फारसे कामाला येत नाहीत. उलट सप्तशृंगगडावर चढलात, की ५ वॅटही लांबवर पोचतात.

म्हणून पैसा आधी अँटेनावर घाला. हातातल्या सेटची रबरी दांडी गाडीच्या आत, पत्र्याच्या पिंजऱ्यात ठेवून बोललं की निम्मी मेहनत वाया जाते. तोच सेट बाहेरच्या अर्धा मीटर उंच दांडीला जोडला, की वेगळाच सेट घेतल्यासारखा चालतो.

इथे गाडीप्रमाणे फरक पडतो. जिम्नीचं छत पत्र्याचं, चुंबकाची अँटेना ठेवली की काम झालं. माझी थार सॉफ्ट टॉपची, कापडाला चुंबक कसा चिकटणार? मी हौसेने स्टीलचं ताट बांधून पाहिलं, त्यालाही चिकटेना. शेवटी घरातला लोखंडी तवा दोरीने छतावर आवळला. चुंबक बसला, आवाजही समोर पोचला, पण या लहरींना अँटेनाखाली तव्यापेक्षा बराच मोठा पत्रा लागतो, त्यामुळे सिग्नल अधूनमधून पडायचा. गंगापूर धरणाच्या रस्त्याला लोक वळून वळून बघत होते ते वेगळंच. आता बॉनेटच्या कडेला ब्रॅकेट लावलाय. तवा परत चुलीवर गेला. त्यावरच्या गोल ओरखड्याबद्दल घरी अजून ऐकून घ्यावं लागतं.

पक्क्या सेटची बाजू तीन ठिकाणी भारी पडते. चार्जिंगची चिंता नाही, स्पीकरचा आवाज डिझेल इंजिनावर मात करतो, आणि माइक हातात धरून रस्त्यावरची नजर फारशी हलत नाही. पण ५० वॅटचा सेट बोलताना १० अँपिअरच्या वर ओढतो, त्याला सिगारेट लायटरचं सॉकेट पुरत नाही. वायर थेट बॅटरीपर्यंत न्यायची, फ्यूज बॅटरीजवळ लावायचा. इलेक्ट्रिशियनने सोपं म्हणून स्टिरिओच्या वायरीत जोडलं, तर अल्टरनेटरची शिट्टी प्रत्येक वाक्यामागे ऐकू येईल. अँटेनाची केबल दाराच्या रबरात चेंगरू देऊ नका. आतून तुटली तर बाहेरून कळत नाही. आणि उघड्या गाडीत पावसाळाभर सेट भिजतो, ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर: नवा परवाना, सॉफ्ट टॉप गाडी, महिन्यातून एखादी फेरी, तर हातातला सेट, बाहेरची अँटेना आणि वेगळा माइक. हा सेट काढून हरिहर गड चढतानाही नेता येतो, डॅशबोर्डवरचा नेता येत नाही. बंद पत्र्याची गाडी असेल, सुरगाणा–साल्हेर पट्ट्यात वारंवार जाणं असेल आणि सोबतचे दोघे-तिघे परवानाधारक असतील, तर पक्का सेट घ्या. दोन्हीकडे एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेना सेटशी कितपत जुळली ते दाखवणारा, मात्र कुणाकडून तरी मागून आणा. दीडच्या आत रीडिंग आल्याशिवाय पूर्ण ताकदीवर बटण दाबू नका.