मंडळीची पहिली वही आणि अशोक स्तंभाजवळचे बांधणीचे दुकान

नाशिकमध्ये अशोक स्तंभाकडून रविवार कारंजाकडे जाताना एका जुन्या इमारतीच्या माडीवर वह्या-पुस्तकांच्या बांधणीचे एक छोटे दुकान आहे. खाली पाटी अशी नाही. जिन्याशी खळीचा वास आला की आपण योग्य ठिकाणी पोहोचलो असे समजावे. गेल्या श्रावणात मी तेथे एक वही दुरुस्तीसाठी दिली आणि 19 दिवसांनी परत घेतली. जुनी कागदपत्रे घरात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

वही साधी नव्हती. जालन्याजवळच्या एका खेड्यातील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) आरंभीच्या वर्षांतील वडीलमंडळीच्या, म्हणजे कारभार पाहण्यासाठी निवडलेल्या ज्येष्ठांच्या, सभांचे वृत्तांत तीत आहेत; माझे पणजोबा त्या मंडळीचे चिटणीस होते, म्हणून ती आमच्याकडे राहिली. दुकानातील काकांनी वही हातात घेताच विचारले, "ताई, ही शरणपूरची का?" प्रश्न स्वाभाविक होता, कारण नाशिककराला जुने चर्च म्हटले की शरणपूरच आठवते. पण 1854 मध्ये रेव्हरंड प्राइस यांनी वसवलेले शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालील अँग्लिकन परंपरेचे. आमची मंडळी स्कॉटिश मिशनच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन वळणाची. ज्या श्रीपत शेषाद्रीच्या शुद्धीसाठी, म्हणजे त्याला पुन्हा हिंदू समाजात घेण्यासाठी, बाळशास्त्री जांभेकरांनी पुण्या-मुंबईचा रोष ओढवून घेतला, त्याचे थोरले बंधू नारायण शेषाद्री 1843 मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे पाळक झाले आणि त्यांनी निजामाच्या मुलखात जालन्याला काम उभे करून निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. आमच्या खेड्यातील मंडळी त्याच कामाची एक लहानशी फांदी होती.

हे सगळे काकांना सांगण्याचे कारण बांधणीशी निगडित होते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार सभासदांनी निवडलेले वडील आणि पाळक मिळून पाहतात. प्रत्येक सभेचा वृत्तांत लिहिला जातो, त्यावर सह्या होतात, आणि आसपासच्या मंडळ्यांची मिळून जी प्रेस्बिटेरी असते ती या वह्या मागवून, तपासून, तसा शेरा मारून परत करते. आमच्या वहीत हे शेरे आणि चुकांची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी समासात आहे. मंडळी स्थापन झाली म्हणजे नेमके काय झाले, हे मजकुरापेक्षा या समासातच अधिक कळते. पहिल्या वर्षी दोन वडील निवडले गेले असे मजकूर सांगतो. त्यांतील एकाचे नाव खोडून शेजारी "सावकाराशी तंटा मिटेपर्यंत" असे समासात लिहिले आहे.

म्हणूनच पूर्वी झालेले नुकसान मला अधिक लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात माझ्या वडिलांनी ही वही बांधायला दिली असता, तेथील कारागिराने कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून ती सरळ कटिंग मशीनखाली घातली. पहिल्या पानाच्या उजव्या कडेला स्थापनेचा दिवस आणि महिना शिल्लक आहे, साल मात्र गेले. आता आधार उरला तो पुढच्या पानांचा. मंडळीची वर्गणी धान्यात गोळा होत असे. दुष्काळामुळे ती थांबवल्याचा ठराव पुढे येतो आणि तो 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळाचा आहे, तेव्हा स्थापना त्याआधीची, एवढेच खात्रीने म्हणता येते.

काकांनी एकही कड कापली नाही. बाहेर आलेली पाने आत घेण्यासाठी त्यांनी सगळे जुज (दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे) उसवले, क्रम पेन्सिलीने मांडून मला दाखवला आणि मगच जुजबंदी, म्हणजे पुन्हा शिवण, केली. मोडीतील हिशेबाचे एक पान उलटे लागलेले होते, ते त्यांनी शाईचा डाग समोरच्या पानावर कोठे उमटला आहे हे पाहून जागेवर आणले. मोडी त्यांना वाचता येत नाही. खळ मैद्याची, तीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. लॅमिनेशनचा विषय मीच काढला तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला, कारण एकदा प्लॅस्टिक चिकटले की ते कागद फाटल्याशिवाय निघत नाही. फाटलेल्या जागी पातळ कागदाच्या पट्ट्या आहेत आणि त्यांखालचे अक्षर वाचता येते.

स्कॅनिंगबद्दल मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. ते काम काकांचा पुतण्या पाहतो. 600 डीपीआयचे ठरले होते आणि बहुतेक पाने तशी आहेतही, पण दोन पाने राहून गेली आणि एक हलली. समासाला लागून चौकट लावल्यामुळे पहिल्या फाइलमध्ये शेरे अर्धवट आले होते, म्हणजे जे कागदावर वाचवले तेच चित्रात कापले गेले. सांगितल्यावर त्याने वेगळे पैसे न घेता पुन्हा केले, तरी मी घरी बसून पान अन् पान ताडून पाहिले नसते तर हे कळले नसते. पाठीवरील सोनेरी अक्षरांत "प्रेस्बिटेरियन" मधला दुसरा र गळला आहे. तो अजून दुरुस्त व्हायचा आहे.

एकूण खर्च 2,800 रुपये आला, त्यात कापडी पाठ आणि पुठ्ठ्याची पेटी धरलेली आहे. पावती हाताने लिहिलेली मिळते. गाडी लावायला जागा नाही, ती स्तंभापलीकडे लावून चालत यावे. पावसाळ्यात वही तेथे ठेवायला मी कचरत होते, कारण त्या आठवड्यात गोदेचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत आले होते. काकांनी मला खिडकीतून रस्त्याचा चढ दाखवला आणि वही लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली.

दुसरी वही 1924 नंतरची, मंडळी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्यानंतरची आहे. तिची शाई कागद खाऊ लागली आहे. दिवाळी झाली की ती बांधणीला याच दुकानात जाईल, स्कॅनिंग मात्र मी समोर बसून करून घेणार आहे.