जीसीसीच्या वॉर्निंग आणि सॅनिटायझर: सी मध्ये भलताच इंट परत येत असेल तर आधी हे लावा

फंक्शन चार वेळा वाचलं, लॉजिक बरोबर दिसतंय, आणि तरी परत येणारा आकडा भलताच. असं झालं की मी आधी सरळ डीबगर उघडायचो. आता आधी जीसीसीला, म्हणजे सी च्या कंपायलरला, डब्ल्यूऑल (-Wall) आणि डब्ल्यूएक्स्ट्रा (-Wextra) हे जास्त वॉर्निंग दाखवणारे दोन फ्लॅग देतो, आणि बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

माझी केस सांगतो. अ‍ॅरेमध्ये आयडी शोधायचं साधं फंक्शन होतं, सापडला तर इंडेक्स परत, नाही सापडला तर आयडी छापायचा. अ‍ॅरेत पाचच घटक आणि ४२ शोधला की उत्तर ६, १०५ शोधला की ७. मला वाटलं मेमरी कुठेतरी करप्ट होतेय, म्हणून दोन दिवस सगळे पॉइंटर तपासत बसलो. शेवटी डब्ल्यूऑल लावून कंपाइल केलं तर एका ओळीत वॉर्निंग, कंट्रोल नॉन-व्हॉइड फंक्शनच्या शेवटाला पोचतोय. लूपनंतर मी रिटर्न लिहिलाच नव्हता!

मग ६ कुठून आला? एक्स८६-६४ वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, इंट (पूर्णांक) ईएएक्स रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका छोट्या जागेतून परत येतो, रिटर्न नसेल तर त्यात जे काही पडलेलं असेल तेच कॉल करणाऱ्याच्या हातात पडतं, आणि माझ्या फंक्शनात शेवटी प्रिंटएफ होतं जे किती कॅरेक्टर छापली तो आकडा परत देतं. id हे दोन अक्षरी नाव, बरोबरचं चिन्ह, ४२ आणि नवी ओळ, मोजा, सहाच. पण यावर कोड बेतू नका हां, स्टँडर्डप्रमाणे हे अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही, ऑप्टिमायझेशन चालू केलं की वेगळंच काही येऊ शकतं. फक्त मेनला सूट आहे, सी९९ पासून तिथे रिटर्न विसरलात तर ० जातो.

एक गोष्ट खटकते. ही वॉर्निंग सी++ मध्ये आपोआप चालू असते, सी मध्ये नाही, मागावी लागते. नव्याने शिकणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त लागते, आणि त्यालाच हे फ्लॅग माहीत नसतात. उलट २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये आधी डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर थेट एरर येते, हे फार चांगलं केलं. आधी हेडर विसरलं की कंपायलर इंट धरून चालायचा आणि ६४ बिटचा पॉइंटर अर्धा कापला जायचा.

सॅनिटायझरचं, म्हणजे प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या तपासणीचं म्हणाल तर एफसॅनिटाइझ मध्ये अनडिफाइन्ड (-fsanitize=undefined) दिलं की ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा इंटमध्ये न मावणं, रन होताना पकडतं, ओळ नंबरासकट. १३ चं फॅक्टोरियल ६२२७०२०८०० यायला पाहिजे, ३२ बिटच्या इंटमध्ये १९३२०५३५०४ दिसतं, आणि आकडा पॉझिटिव्ह असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही, तिथे याचा खरा उपयोग. मात्र रिटर्न विसरल्याची तपासणी यात फक्त सी++ साठी आहे, सी वाल्यांनी त्यासाठी डब्ल्यूऑलवरच राहायचं. प्रोग्रॅम थोडा हळू होतो, मी फक्त टेस्टिंगच्या बिल्डला लावतो.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला कारण ५ भागिले ९ चं इंटमध्ये ० होतं आणि तापमानाचं अख्खं सूत्र शून्यावर येतं, त्यावर दोन्ही फ्लॅग गप्प बसतात. स्कॅनएफने परत दिलेला आकडा हीच वाचलेली किंमत समजून वापरला तरी काही बोलत नाहीत, तो खरं तर किती गोष्टी वाचल्या ते सांगतो. आणि मेनमधून -१ परत दिल्यावर लिनक्सच्या शेलमध्ये २५५ दिसलं तर कोडमध्ये शोधू नका, तिथे खालचे ८ बिटच पोचतात, २५६ दिलंत तर ० दिसेल.