निकॉन २००-५०० : एअर शोसाठी घ्यावी का? दीड वर्ष वापरून झालेलं मत

या लेन्सचे जेवढे रिव्ह्यू मी घ्यायच्या आधी वाचले ते सगळे पक्षीवाल्यांचे होते, खंड्या, घार, नाहीतर ताडोबाचा वाघ. विमानांसाठी ती कशी चालते हे शोधत बसलो तर हाताला फार काही लागलं नाही, म्हणून स्वतः वापरून झाल्यावर लिहितोय, मोठं होईल पण ज्याला घ्यायची आहे त्याला उपयोग होईल.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो. बॉडी, म्हणजे कॅमेरा, निकॉन डी७५००, लेन्स निकॉन एएफ-एस २००-५०० एफ/५.६ व्हीआर (व्हीआर म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय). लेन्स २०१५ साली आलेली आहे, मी २०२३ च्या दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली, एक ओळखीचे काका भिगवणला पक्षी काढायचे त्यांच्याकडून, साठ हजारांच्या थोडी आत पडली. काका विकत का होते तर खांदा दुखायला लागला होता. कॉलरसकट (ट्रायपॉडला बसवायची कडी) लेन्सचं वजन २३०० ग्रॅम, माझी बॉडी बॅटरी-कार्डसकट ७२० च्या आसपास, म्हणजे हातात तीन किलो आणि ते नुसतं धरायचं नाही तर डोक्यावर धरून गोल फिरायचं. पक्षीवाला ट्रायपॉड लावतो, आपल्याला ते जमत नाही, विमान डावीकडून येतं आणि तीन सेकंदांत उजवीकडे डोक्यावरून जातं, तिथं ट्रायपॉडचा पाय आणि शेजारच्याचा पाय एकमेकांत अडकतो. मी कॉलरचा पाय तळहातावर टेकवतो, कोपर छातीला लावतो, आणि विमान लांब वळायला गेलं की लगेच कॅमेरा खाली घेतो. ही सवय लागली की तीन किलो सहन होतं. ज्याच्या खांद्याला किंवा मानेला आधीपासून त्रास आहे त्यानं मात्र एकदा भाड्यानं आणून पूर्ण दिवस वापरून बघावी आणि मगच पैसे घालावेत.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी २०२५ ला बेंगळुरूजवळ येलहंकाला एरो इंडिया या एअर शोला गेलो, हजार रुपयांचं एअर डिस्प्ले एरियाचं तिकीट काढून, पुण्याहून रात्रीच्या बसनं. रशियाचं सुखोई-५७ तिथं उडालं. ते विमान वळताना ज्या पद्धतीनं नाक वर करून हवेत जवळपास थांबल्यासारखं होतं ते व्हिडिओत कितीही वेळा बघितलं तरी समोर बघताना अंगावर काटा येतो, आणि आवाज कानात नाही तर छातीत ऐकू येतो. अशा वेळी ५०० एमएम हातात असणं म्हणजे काय ते साध्या हिशोबात सांगतो. डी७५०० सारख्या क्रॉप (छोट्या) सेन्सरवर ५०० ला एक किलोमीटर लांबच्या वस्तूची साधारण ४७ मीटर रुंदी फ्रेममध्ये मावते. आपलं तेजस १३ मीटरच्या थोडं वर लांब आहे, म्हणजे एक किलोमीटरवरचं तेजस फ्रेमच्या पाव भागाहून थोडं जास्त भरतं, क्रॉप करून पोटाखालची मिसाईलं आणि हेल्मेट दिसतं. माझी आधीची ७०-३०० वापरली असती तर हेच विमान फ्रेमच्या सहाव्या भागात बसलं असतं. फरक एवढा आहे आणि पैसे त्याचेच आहेत.

पण हीच लेन्स २०० पासून सुरू होते, त्याहून रुंद दृश्य तिच्यात मावत नाही, आणि एअर शोला तिची खरी अडचण तीच आहे. ५०० कमी पडलं असं मला फार वेळा झालं नाही, २०० जास्त झालं असं खूप वेळा झालं.

जानेवारी २०२४ ला मरीन ड्राइव्हला हवाई दलाचा शो होता, १२ ते १४ तारीख. सूर्यकिरणची जेट, सारंगची हेलिकॉप्टरं, आकाशगंगावाले पॅराशूट घेऊन, सुखोई-३०, सी-१३०. मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून गेलो, सकाळपासून कठड्यावर जागा धरली, गर्दी इतकी की पाणी प्यायला बाटली काढायची तर शेजारच्या काकूंना कॅमेरा धरायला द्यावा लागला. सूर्यकिरणची नऊ हॉक समुद्राकडून आली, लांब होती तोपर्यंत सुंदर फ्रेममध्ये, जवळ आली तशी मी झूम मागे घेत गेलो, २०० ला टेकलो आणि तरी नऊपैकी कडेची दोन पंखातून कापली गेली. २०० ला अर्ध्या किलोमीटरवर फक्त ५९ मीटर मावतात. फॉर्मेशन हवं असेल तर दुसरी बॉडी गळ्यात हवी, नाहीतर सरळ १८-१४० लावून ती पाच मिनिटं काढायची आणि मग लेन्स बदलायची, पण समुद्राच्या वाऱ्यात लेन्स बदलायला मला तरी धीर होत नाही. आता मी घरातली जुनी छोटी बॉडी बरोबर नेतो, तीच १८-१४० लावून.

प्रवासी विमानांना तर हे आणखी लागू होतं. कुर्ल्याला मावशीच्या गच्चीवरून २७ नंबरच्या रनवेला उतरणारी विमानं दिसतात, तिथं माझे अर्धे रविवार जातात. एमिरेट्सचं ए३८० घ्या, लांबी जवळपास ७३ मीटर, पंख ८० मीटर. अर्ध्या किलोमीटरवर ते २०० ला मावतच नाही. नाक, कॉकपिटच्या काचा, इंजिन, उघडलेली चाकं असे तुकडे काढायचे असतील तर मजा येते, पण पूर्ण विमान पाहिजे असेल तर ७०-२०० किंवा ७०-३००च बरी. एअरलाइनर हाच ज्याचा मुख्य छंद आहे त्याला मी ही लेन्स घे असं सांगणार नाही.

झूम रिंगबद्दल एक सांगतो, २०० वरून ५०० ला जायला ती बरीच फिरवावी लागते, मनगटाच्या एका झटक्यात होत नाही, दोनदा पकड बदलावी लागते. अंगावर येणाऱ्या सुखोईला हे जाणवतं. मी यावर उपाय म्हणून ठरवून ३५० च्या आसपास ठेवतो आणि तिथून थोडं पुढेमागे करतो.

फोकस. बॅरलवर एक छोटं बटण आहे, फुल आणि सहा मीटर ते अनंत, ते कायम सहा मीटरवर ठेवा. नाहीतर निळ्या मोकळ्या आकाशात विमान सुटलं की लेन्स जवळपर्यंत जाऊन परत येते आणि तेवढ्यात विमान देवनहळ्ळीला पोचलेलं असतं. एएफ-सी (सतत फोकस), मागच्या बटणाला फोकस, नऊ पॉइंटचा डायनॅमिक मोड, एवढ्यावर माझं काम चाललंय. सलग बर्स्ट मारताना डी७५०० सेकंदाला ८ फ्रेम देते आणि रॉमध्ये (कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) साधारण ५० फ्रेमनंतर अडकते, म्हणजे सहा सेकंद, म्हणून बोट दाबून ठेवायचं नाही, तुकड्यातुकड्यात मारायचं.

व्हीआर मला या लेन्समध्ये सगळ्यात जास्त आवडलं. त्यात नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोन मोड आहेत, पॅनिंगला (विमानाबरोबर कॅमेरा फिरवत काढायला) स्पोर्टच. आणि पॅनिंग कशाला लागतं तर पंख्याच्या विमानांना. सी-१३०जे ला सहा पात्यांचे पंखे आहेत, मिनिटाला १०२० फेरे. शटर १/१००० ठेवलं तर पातं जेमतेम सहा अंश फिरतं, फोटोत पंखा थांबलेला दिसतो, विमान दोऱ्यानं टांगल्यासारखं. १/२०० ला तेच पातं तीस अंशांवर जातं, दोन पात्यांतलं अंतर साठ अंश, म्हणजे अर्धी चकती भरते आणि फोटोत जीव येतो. मरीन ड्राइव्हला मी १/२०० वर चाळीस फोटो काढले त्यातले सहा धारदार आले, आणि ५०० एमएमला हातात धरून १/२०० ला सहा येणं ही या व्हीआरचीच करामत आहे. हेलिकॉप्टरला आणखी खाली यावं लागतं, १/१२५ च्या आसपास. सारंगचे माझ्याकडे तिथलेच आहेत, येलहंकाला ती टीम उडाली नाही, जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुव हेलिकॉप्टरचा (सारंगही तीच उडवते) अपघात झाला होता, त्यात तिघं गेले, आणि सगळी ध्रुव जमिनीवर ठेवली होती. जेटला १/१६०० च्या वर, एफ/७.१, आयएसओ ४०० ते ८००, आणि आकाश उजळ असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप वर, नाहीतर विमानाचं पोट काळं येतं.

आता जे कुणी घेतल्यावर महिन्याभरात लेन्स सॉफ्ट आहे म्हणून वैतागतात त्यांच्यासाठी. मलाही वाटलं होतं पीस खराब आलाय. गच्चीवरून दुपारी एक वाजता काढलेला एकही फोटो धड नाही, शेपटीवरची अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी. काकांना फोन केला, ते म्हणाले लेन्स तीच, माणूस तोच, फक्त सकाळी सातला जा. गेलो. त्याच गच्चीवर, तेच सेटिंग, इंडिगोच्या निओ विमानाचं रजिस्ट्रेशन तर वाचता आलंच, दाराशेजारची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. कुर्ल्याचे पत्रे तापले की त्यांच्यावरची हवा थरथरते आणि ५०० एमएम ती थरथर तितकीच मोठी करून दाखवते, त्याला कुठलीच लेन्स काही करू शकत नाही, दहा लाखांची आणली तरी. त्यामुळे येलहंकाला सकाळचा डिस्प्ले सोडू नका, दुपारच्या सेशनला रनवेवर धावणारी विमानं काढण्यात वेळ घालवू नका, वर आकाशात गेलेलीच काढा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघा. ही ई टाइप लेन्स आहे, म्हणजे आतलं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, डी९०, डी८०, डी२०० असल्या जुन्या बॉडीवर ते हलत नाही. बॉडी जुनी असेल तर आधी यादी तपासा. बाकी समोरची काच टॉर्च मारून बघा, झूम पूर्ण बाहेर काढून बॅरल हलते का बघा, व्हीआर चालू करून कान लावा. फिल्टर ९५ एमएमचा लागतो आणि चांगला घ्यायचा तर महाग पडतो, मी लावतच नाही, हूड कायम चढवलेला असतो.

निकॉनच्या मिररलेसवर गेलेल्यांनी मात्र ही न घेता झेड १८०-६०० चा विचार करावा, ती २०२३ ला आली, झूम करताना लांब होत नाही, रिंग थोडी फिरवली की काम होतं, वजनही थोडं कमी. माझ्यासारखा डीएसएलआरवरच राहणार असेल त्याला सिग्मा (कंटेम्पररी) आणि टॅमरॉनच्या १५०-६०० आहेत, दोन्ही दोन किलोच्या आसपास, आणि १५० पासून सुरू होतात हा एअर शोला मोठा फायदा, फक्त लांब टोकाला त्या एफ/६.३ होतात, म्हणजे प्रकाश थोडा कमी घेतात. मी ढगाळ दिवसांचा विचार करून ५.६ घेतली. आज परत घ्यायची वेळ आली तर सुखोईसाठी हीच घेईन, सूर्यकिरणसाठी सिग्मा.

पुणेकरांना एक विनंती, नवीन लेन्स आली की लोहगावला जाऊन ट्राय करूया असं कुणी करू नका. तो हवाई दलाचा तळ आहे, तिथं कॅमेरा काढायचाच नाही. शोच्या दिवशी हवाई दल स्वतः बोलावून दाखवतं तेव्हा मनसोक्त काढा.

मला एकच फोटो कायमचा हुकला. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटच्या जंबोंपैकी (बोइंग ७४७) एक, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून अमेरिकेला कायमचं गेलं आणि उडाल्यावर पंख हलवून निरोप दिला. सोमवार होता, मी ऑफिसात, लेन्स घरी कपाटात. लहानपणी बाबांबरोबर सांताक्रूझला जे पहिलं विमान बघितलं ते जंबोच होतं. तेव्हापासून ही तीन किलोची बॅग रोज ऑफिसला नेत नसलो तरी मुंबईला निघालो की ती आधी गाडीत जाते, कपड्यांची नंतर.