सीओएस (स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट) खरं, व्हिसा खरा, फक्त नोकरीच नव्हती – माझे १४,५०,००० गेले

यूकेत केअर वर्करच्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या, नोकरीसाठी एजंटला किती दिले तो आकडा आधीच सांगतो. चौदा लाख पन्नास हजार. त्यातले ६,००,००० पतसंस्थेचे, घर तारण ठेवून घेतलेले, ३,१०,००० बायकोच्या सोन्याचे, ३,००,००० सासऱ्यांनी दिलेले आणि २,४०,००० माझी आठ वर्षांची बचत. व्हिसा फी, टीबी टेस्ट, पोलीस क्लिअरन्स, तिकीट हे सगळं वेगळं, ते अजून एक लाखाच्या वर गेलं.

मी मिरजेचा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालोय, आठ वर्षं आयसीयूत काढलीत. हे यासाठी सांगतोय की लोक लगेच म्हणतात शिकलेली माणसं कशी फसतात. मी नीट चौकशी करून फसलोय. यूकेत नर्स म्हणून जायचं होतं पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला दोनदा ६ वर अडकलो, तिथे ६.५ लागतात. क्लासमधल्या एकाने पुण्यातल्या मॅडमचा नंबर दिला. मॅडम म्हणाल्या, सर आधी केअर वर्करच्या व्हिसावर जा, तिथे बसून परीक्षा द्या, मग नर्स व्हा, सगळे असंच करतात. आणि खरंच तसे गेलेले दोघं माझ्या ओळखीचे होते, व्यवस्थित आहेत, मग मी का शंका घेऊ?

एजंट कसे बोलतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. पण एक दाखवतो. यूके सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की नवीन केअर वर्करला बायकामुलं नेता येणार नाहीत, नंतर त्याची तारीख ठरली ११ मार्च २०२४. बातमी खरी होती. मॅडमनी ती बातमीच हत्यारासारखी वापरली. रोज फोन, "सर, अकरा मार्चच्या आत अर्ज गेला नाही तर मुलगी इकडेच राहील." माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. त्या एका वाक्यावर मी पतसंस्थेत सह्या केल्या.

मी तपासलं नव्हतं असं नाही. यूके सरकारच्या वेबसाइटवर परवाना असलेल्या स्पॉन्सरची, म्हणजे बाहेरच्या देशातून माणसं कामाला घेऊ शकणाऱ्या कंपन्यांची, यादी असते, सगळ्यांना फुकट बघता येते, त्यात मॅडमनी सांगितलेली कंपनी होती, ए रेटिंगसकट. सीओएस आलं, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, नाव सर्टिफिकेट असलं तरी ती नुसती सिस्टीममधली नोंद असते आणि आपल्याला नंबर मिळतो. तोही खरा निघाला, नाहीतर व्हिसाच झाला नसता. पगार २०,९६० पाउंड, आठवड्याला साडेसदतीस तास. सगळं कागदोपत्री बरोबर. म्हणून सांगतो, यादीत नाव आहे म्हणून गाफील राहू नका. परवाना कंपनीला असतो, नोकरी आहे की नाही ते त्या यादीत लिहिलेलं नसतं.

आता ती गोष्ट जी आठवली की आजही झोप उडते.

पैसे असे गेले – ५०,००० रजिस्ट्रेशन, यूपीआयने. ४,००,००० ऑफर लेटरवर, आरटीजीएस. सीओएसच्या वेळी ७,००,०००, त्यातले २,००,००० बँकेतून आणि ५,००,००० रोख. व्हिसा लागल्यावर ३,००,००० परत रोख. ते ५ लाख द्यायला मी आणि माझे वडील, आप्पा, पुण्याला गेलो होतो. पैसे मोजून झाल्यावर मॅडम अगदी सहज म्हणाल्या, "सर, व्हिसावाल्यांचा फोन आला आणि नोकरीसाठी कुणाला पैसे दिले का विचारलं, तर नाही म्हणायचं हं." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आप्पा सातवी शिकलेत, आयुष्यभर शेती केली. बाहेर जिन्यात त्यांनी विचारलं, "पैसे देणं बरोबर असेल तर नाही का म्हणायचं?" आणि मी त्यांना म्हणालो, आप्पा तुम्हाला यातलं कळत नाही, तिकडची प्रोसेस तशीच असते.

तिथेच थांबायला हवं होतं. ३ लाख अजून जायचे होते, व्हिसाचा अर्ज गेला नव्हता, ५ लाख तिथेच टेबलावर होते. सातवी शिकलेल्या माणसाला जिन्यात कळलं ते मला कळलं नाही. पावती मागितली तर "ट्रेनिंग अँड डॉक्युमेंटेशन" म्हणून फक्त २ लाखांची दिली, तीही मी घेतली. त्या वेळी कंपनीला एक सीओएस काढायला सरकारला किती भरावे लागत होते माहितेय का? २३९ पाउंड. पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. त्याचे मी सात लाख दिले.

कंपनीच्या माणसाने घेतलेला इंटरव्ह्यू चार मिनिटांचा झाला होता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम, एका घरून दुसऱ्या घरी गाडीने जावं लागतं, आणि चारचाकी येते का हे त्याने विचारलंच नाही. मला येत नाही. ज्याला खरंच माणूस कामाला हवाय तो हे पहिलं विचारेल.

मार्चच्या शेवटी पोचलो. मिडलँड्समधलं एक गाव. एका घरात आम्ही नऊ जण, एका खोलीत चौघं, खाटेचे आठवड्याला ९० पाउंड. पहिले पाच आठवडे काम शून्य, "चेक चालू आहेत", म्हणजे तपासणी. नंतर गाडी नाही म्हणून काम नाही. पाच महिन्यांत मला मिळाले १३० तास. तासाला ११.४४ प्रमाणे १,४८७ पाउंड. खोलीचं भाडंसुद्धा निघालं नाही, बायको इकडून पैसे पाठवत होती. इंग्लंडमध्ये असलेल्या नवऱ्याला मिरजेहून पैसे पाठवायचे, आणि गल्लीत विचारलं की सांगायचं छान चाललंय. बोलायची सोय नव्हती, कारण तक्रार केली तर परवाना जाणार आणि परवाना गेला की आपलाच व्हिसा जाणार. स्पॉन्सर या शब्दाचा अर्थ तिकडे गेल्यावर कळतो, माणूस त्याच्या मुठीत असतो.

आणि तसंच झालं. ऑगस्टमध्ये कंपनीचा परवाना सस्पेंड, नंतर रद्द. सप्टेंबरमध्ये यूके सरकारचं पत्र, ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत जा. दोनशेच्या वर अर्ज केले. ज्या एकाने होकार दिला त्याने ८,००० पाउंड मागितले. नोव्हेंबरात परत आलो.

आता इकडचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे एजंट पुण्यात, तिकडे जा. पुण्यात म्हणे तुम्ही राहता मिरजेत, नोकरी इंग्लंडात, आमच्या हद्दीत काय घडलं? ऑफिस तुमच्या हद्दीत, पैसे तुमच्या हद्दीत मोजले, अजून काय घडायला पाहिजे! झिरो एफआयआर कायद्यात आहे, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, दादा तुम्ही कायदा शिकवू नका, अर्ज ठेवून जा. पुढच्या वेळी दुसरे साहेब. त्यांचा प्रश्न, फसवणुकीचं जुनं कलम ४२० लावायचं की नवीन कायद्यातलं ३१८? पैसे जानेवारी-फेब्रुवारी २०२४ ला दिले, नवीन कायदा १ जुलैपासून, म्हणजे ४२०, हे मी नर्स असून सांगतोय. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले हे सायबर फ्रॉड नाही, तुम्ही स्वतः ऑफिसात जाऊन दिलेत. परदेशी नोकरीची एजन्सी बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो, तिथला क्लार्क मान वर न करता म्हणाला, तो देश आमच्या यादीतला नाही. अहो, १९८३ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं भरताच येत नाहीत, आणि नोंदणीवाल्यालासुद्धा उमेदवाराकडून ३०,००० आणि जीएसटी एवढंच घेता येतं! माझ्याकडून साडेचौदा लाख घेतले आणि मीच खेटे घालतोय. आठ महिने. दर वेळी मिरज-पुणे, दर वेळी झेरॉक्स, दर वेळी तोच प्रश्न, ८ लाख रोख दिले याला पुरावा काय? वर दम, की रोख दिली म्हणजे इन्कम टॅक्समध्ये तुम्हीच अडकाल. चूक आहे हे. दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला असतो. हे मला एका ओळखीच्या सीएंनी फुकटात सांगितलं, पोलिसांनी नाही.

रोख देऊ नका, कितीही घाई सांगितली तरी. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्यांत एजंटचं नाव शोधा, या मॅडमचं नव्हतं, बोर्डावर "एज्युकेशन कन्सल्टन्सी" होतं. मी कंपनी शोधली पण एजंट शोधला नाही. इंग्लंडमधली केअर कंपनी असेल तर सीक्यूसी म्हणजे केअर कंपन्या तपासणाऱ्या तिथल्या संस्थेच्या साइटवर तपासणीचे रिपोर्ट असतात, किती माणसांना सेवा देते ते दिसतं, कंपनीज हाउस म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर हिशोब दिसतात. मला घेणारी कंपनी चौदा महिने जुनी होती, हे मी परत आल्यावर बघितलं. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर स्किल्ड वर्कर व्हिसाच्या बाबतीत परवान्याचा आणि सीओएसचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे, त्यामुळे सीओएसचे पैसे मागितले की उठून बाहेर या. आणि हे नीट वाचा – २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशातून नवीन केअर वर्कर घेणं यूकेने बंद केलंय. तरी मागच्याच महिन्यात सांगलीत एका पोराला "केअरचा व्हिसा, १२ लाख, कोटा शिल्लक आहे" असं सांगितलंय. असा कुठलाही कोटा नाही.

आप्पा त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. पतसंस्थेचा हप्ता १३,४०० आहे, दर महिन्याच्या ५ तारखेला.

त्या मॅडमचं ऑफिस तिथेच आहे, बोर्ड बदललाय, आता जर्मनी. आम्ही सात जण एकत्र आलोय, सगळ्यांचे मिळून ८७ लाख होतात, वकील लावलाय, थेट कोर्टात जातोय. तुमच्यापैकी कुणी २०२३-२४ मध्ये पुण्यात केअरसाठी पैसे भरले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावत्या, कॉल रेकॉर्डिंग काहीही असेल ते डिलीट करू नका आणि लाजून घरात बसू नका. मी चार महिने लाजून बसलो, तेवढ्यात तिने खातं रिकामं केलं.